चूल, धुराडे आणि जयणा

पौषाच्या थंडीत मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावी स्वामी विवेकानंदांचा जन्मोत्सव भरतो. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा उत्सव. त्याच्या सांगतेला लाखाहून अधिक माणसे एकाच मैदानावर पंगतीने बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढला जातो. वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य मानणारी जैन घरे पुष्कळ आहेत. ती पंगत त्यांनी दुरूनच पाहावी. परंतु धान्य-तेलाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाच्या नजरेला त्या पंगतीमागचा हिशेब दिसल्यावाचून राहत नाही : किती पोती गहू, किती डबे तेल आणि या साऱ्याखाली किती विस्तव.

उघड्या मैदानावरच्या विस्तवाचे एक सुख असते. धुराला आभाळ मोकळे असते. वारा फिरला तर आचारी बाजू बदलून उभा राहतो. तोच विस्तव चार भिंतींत आला की धुराला वाट करून द्यावी लागते, आणि ती वाट कोणी करून दिली, नीट केली का, वर्षानुवर्षे मोकळी राखली का, यावर घरातल्या माणसांचे डोळे, फुप्फुसे, प्रसंगी प्राण अवलंबून राहतात.

घरोघरी गॅस आला. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांतही पोहोचवला. तरी या भागातील व्यापारी घरांतून लाकडाचा विस्तव अजून गेलेला नाही. परसात न्हाणीघराजवळ तांब्याचा बंब असतो. शेतावरच्या घरात चूल असते. पापड-कुरडयांच्या दिवसांत, लग्नकार्यात, स्वामीवात्सल्याच्या भोजनाला चुलाण पेटते. आयंबिल शाळेत आणि धर्मशाळेत उकाळलेल्या पाण्यासाठी पहाटेपासून जाळ असतो. या संस्थांचे विश्वस्त बहुधा व्यापारीच असतात. भांडी किती, चटया किती, याची नोंद त्यांच्या दप्तरात सापडते. धुराडे शेवटचे केव्हा झाडले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते.

धुराड्याचे काम समजायला सोपे आहे. तापलेली हवा हलकी होते व वर चढते. तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. ही ओढ जितकी चांगली, तितके लाकूड स्वच्छ जळते आणि धूर खोलीत न येता वर जातो. नळ आखूड असला, थंड राहिला, वाकडातिकडा गेला किंवा काजळीने चोंदला की ओढ मंदावते. मग धूर उलटतो आणि सूनबाई फुंकणी घेऊन बसते. फुंकून फुंकून पेटवावी लागणारी चूल बहुतेक वेळा धुराड्याच्या आजाराची खूण असते. दोष मात्र लाकडाला दिला जातो.

या प्रश्नावर विदर्भाच्याच भूमीत जुना विचार झालेला आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. ती जागा जमनालाल बजाजांनी दिली होती आणि जे. सी. कुमारप्पा तेथे काम पाहत. धुराडे असलेली ‘मगन चूल’ पुढे याच नावाने देशभर ओळखली गेली. 1953 साली हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो 2002 पर्यंत चालला. तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली, महाराष्ट्रातील कुंभारांना व गवंड्यांना साचे देऊन धुराड्याच्या चुली घडवायला शिकवले.

एवढे होऊनही त्या चुलींपैकी पुष्कळ काही वर्षांतच निकामी झाल्या. त्याचे कारण ओडिशातील एका मोठ्या पाहणीत स्पष्ट झाले. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी 44 खेड्यांतील सुमारे 2,600 कुटुंबे चार वर्षे पाहिली. त्यांना धुराड्याच्या चुली बसवून दिल्या होत्या. पहिल्या वर्षी घरातल्या बायकांच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढे तो फरक पुसला गेला. चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत, फुटलेल्या लिंपल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. यंत्र विकत घेण्याचा खर्च सर्वांना दिसतो. ते चालू ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवशी हिशेबात धरलेला नसला की भांडवल बुडते. धुराडे फुकट मिळाले तरी त्याची देखभाल फुकट होत नाही.

नवे धुराडे बसवायचे असेल तर प्रथम जागा पाहावी. चूल लाकडी तुळई, कपाट, फडताळ किंवा गवताच्या छपराला लागून नसावी. गॅसचे सिलिंडर त्याच खोलीत ठेवू नये. पत्र्याचा एकेरी नळ जाळाच्या काळात हात लावता येणार नाही इतका तापतो. जळू शकणाऱ्या कोणत्याही वस्तूपासून तो किमान 18 इंच दूर असावा, असा परदेशांतील लाकडी शेगड्यांचा जुना नियम आहे व तो येथेही पाळण्यासारखा आहे. धाब्याच्या जुन्या घरात छत लाकडी कड्यांवर उभे असते. तेथे नळ कड्यांमधून काढताना भोक मोठे ठेवून भोवती विटा-मातीचा न जळणारा गळा बांधावा लागतो. दरवर्षी तापून तापून कोरडी झालेली कडी पहिल्या वर्षी पेटत नाही; ती कितव्या वर्षी पेटेल हे कोणी सांगू शकत नाही. पत्र्याच्या छपरात ही भीती कमी, पण पहिल्याच पावसात नळाभोवतीच्या फटीतून पाणी गळते आणि चुलीची माती धुपते, म्हणून पत्र्यावर झालर बसवून सांधा बुजवावा.

नळाचा व्यास चुलीच्या धूर-मुखापेक्षा लहान नसावा. तो शक्यतो सरळ उभा जावा. वळण घ्यावेच लागले तर तिरपे घ्यावे, काटकोनात नाही, आणि आडवा तुकडा लांब ठेवू नये. छपरातून जेथे बाहेर पडतो तेथून नळ किमान 3 फूट वर जावा, आणि 10 फुटांच्या परिघात घराची मुंढेर, टाकी किंवा शेजारची भिंत असेल तर तिच्यापेक्षा 2 फूट उंच असावा. नाहीतर वारा भिंतीवर आदळून धुराड्यात खाली शिरतो. वर पावसाची टोपी हवी, पण ती तोंडाला टेकलेली नको. नळाच्या तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाची खिडकी ठेवावीच; गवंडी ती बहुधा विसरतो. एका नळाला दोन चुली जोडू नयेत.

नळ कशाचा, यात काटकसर नसावी. जाड पत्रा, स्टेनलेस स्टील किंवा भाजक्या विटांचे बांधीव धुराडे, यांपैकी जे झेपेल ते. प्लास्टिकचा पाइप लावलेला काही ठिकाणी आढळतो. तो वितळतो, पेटतो आणि विषारी धूर सोडतो. जुन्या कार्यक्रमातील ॲस्बेस्टॉस सिमेंटचे नळ अजून कितीतरी घरांत उभे आहेत. ते कापू, घासू वा फोडू नयेत, कारण त्यांचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत कायमचे राहतात. बदलायचे झाल्यास ओले करून, अखंड उतरवून घ्यावेत.

आणखी एक गोंधळ शब्दामुळे होतो. शहरातल्या स्वयंपाकघरात ‘चिमणी’ म्हणजे गॅसवर बसवलेला विजेचा पंखा. तो लाकडाच्या चुलीवर लावल्यास तेलकट जाळीत ठिणगी जाऊन आग लागू शकते. चुलीच्या बंद खोलीत मोठा एक्झॉस्ट पंखा लावला तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो व धूर घरात आणतो. खोलीत खालच्या अंगाला ताजी हवा येण्याची झडप किंवा उघडी खिडकी हवी. हवा आत आल्याशिवाय धूर बाहेर जात नाही.

आता बंबाविषयी, कारण खरा धोका तेथे आहे. बंबाच्या मध्यातून नळी वर जाते, तिच्यात विस्तव असतो आणि भोवती पाणी. म्हणजे बंब हे आपल्यापुरते धुराडे घेऊन उभे असलेले चुलाणच. पण ही नळी धूर घराबाहेर नेत नाही, फक्त बंबाबाहेर सोडते. परसात ठेवलेला बंब निर्धोक. थंडीत तोच उचलून न्हाणीघरात आणला, दार-खिडकी लावली, म्हाताऱ्या माणसाला गरम वाटावे म्हणून निखारे तसेच ठेवले, की कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर संपून लाल निखारे उरले की माणसाला वाटते आता धोका टळला. हा वायू तेव्हाही निघत असतोच. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. आधी डोके जड होते, मळमळते, झापड येते. माणूस थोडे बसून घेतो, आणि उठत नाही. हीच गोष्ट झोपण्याच्या खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीची.

घरातील दोघांना एकाच वेळी डोकेदुखी व मळमळ सुरू झाली आणि खोलीत विस्तव असला तर पित्ताची गोळी शोधत बसू नये. सर्वांनी उघड्यावर यावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाला आधी बाहेर काढावे, मग पाणी-उपचार. चूल असलेल्या खोलीत या वायूचा इशारा देणारे लहानसे यंत्र बसवता येते. विजेच्या घंटेएवढे ते असते. ज्या धर्मशाळेत दररोज जाळ होतो तेथे तरी ते असावे.

बंब रिकामा पेटवू नये, एवढे सर्वांना माहीत असते. तरी पाणी संपत आलेले कळत नाही आणि सांध्यांची झाळ सुटते. या भागातील विहिरींचे पाणी जड असल्यामुळे आत क्षाराचा थर धरतो व लाकूड जास्त लागते. वर्षातून एकदा कलईवाल्याकडे किंवा तांबटाकडे बंब दाखवून घेणे सोपे आहे. मात्र चांगला तांबट मिळणे आता कठीण झाले आहे.

लाकडाची निवड जैन घरात केवळ जळणाचा प्रश्न नसतो. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. मेहकरहून तेथे जाणारी कुटुंबे पुष्कळ. पार्श्वकुमारांची कथा बालपणापासून सर्वांनी ऐकलेली असते. वाराणसीत कमठ तापस पंचाग्नी पेटवून बसला होता. जळणाऱ्या ओंडक्यात जीव आहे, हे राजकुमारांनी ओळखले व तो फोडवला. आत होरपळलेला नाग होता. काही परंपरांत नाग-नागीण. त्यांना नवकार ऐकवला गेला आणि ते पुढे धरणेंद्र व पद्मावती झाले. कथा सांगताना भर कमठाच्या अहंकारावर दिला जातो. स्वयंपाकघराच्या दृष्टीने तिचा दुसरा अर्थ अगदी साधा आहे : चुलीत घालण्यापूर्वी लाकूड पाहावे.

श्वेतांबर घरांत याला जयणा म्हणतात, दिगंबर घरांत यत्नाचार. जुन्या बायका लाकूड जमिनीवर आपटून, झाडून, पोकळ ओंडका फोडून मगच चुलीपाशी नेत. ही सवय सुरक्षिततेच्याही उपयोगी पडते. फोडलेले लाकूड लवकर वाळते. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते जाळले की बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, जाळ थंड राहतो आणि न जळलेला धूर नळात चढून डांबरासारखा थिजतो. हाच थर पुढे धुराड्याच्या आगीला कारण होतो. लाकडात पाणी 20 टक्क्यांहून कमी असावे. घरी मोजण्याचे साधन नसले तरी दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत : वाळलेले खणखणतात, ओले दबक्या आवाजात बोलतात. टोकाला भेगा पडलेल्या दिसल्या म्हणजे लाकूड तयार. बाभळीसारखे जड लाकूड फोडून, सावलीत पण वाऱ्यावर, जमिनीपासून वर रचून निदान सहा महिने ठेवावे. वर छप्पर, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने सगळीकडून गुंडाळलेला ढीग वाळत नाही. त्यात बुरशी धरते आणि किडे होतात, म्हणजे दोन्ही अंगांनी तोटा.

पऱ्हाट्या आणि तुराट्या या भागात मुबलक. त्या भडकन पेटतात, ज्वाला लांब जाते आणि ठिणग्या नळातून वर उडतात. पेटवणीसाठी त्या उत्तम. पण कडब्याची गंजी किंवा कापसाची गोणी जवळ असेल तर त्यांचा मोठा जाळ करू नये. दुकानातून आलेले पुठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या, प्लायवुडचे तुकडे हे व्यापारी घरात रोज साचते आणि सहज चुलीत जाते. ते चुलीत जाऊ नये. विझत्या चुलीत रॉकेल ओतणे ही तर आत्मघाताची रीत आहे.

जाळ लहान व स्वच्छ ठेवावा. सुरुवातीला पातळ काटक्यांचा चांगला जाळ करून नळ तापवावा, मग जाड लाकूड घालावे. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले की हवा जात नाही. भांडे चुलीच्या व वैलाच्या तोंडावर नीट बसणारे असावे; फट राहिली तर धूर तेथूनच येतो. रात्रभर धुमसत ठेवण्यासाठी हवा कोंडणे टाळावे. त्या मंद जाळाने एका रात्रीत जितकी काजळी धरते तितकी चांगल्या जाळाने महिन्यात धरत नाही. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरात चूल संध्याकाळीच शांत होते, हा त्या नियमाचा एक न सांगितलेला लाभ. राख मात्र शांत दिसते तेव्हाही आत निखारा जपून असते. ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढून एक-दोन दिवस उघड्यावर, लाकडी काही जवळ नसलेल्या ठिकाणी ठेवावी. पोत्यात, टोपलीत किंवा उकिरड्यावर गरम राख टाकल्याने गोठे जळतात.

सामुदायिक स्वयंपाकाला एक गोष्ट जोडून सांगावी लागते. चुलाणावर पुऱ्या तळताना कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाणी क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडवते. खालचा विस्तव ओढावा, कढईवर मोठी परात किंवा झाकण सरकवावे आणि थंड होईपर्यंत उचलू नये. तेलाचे डबे चुलाणापासून दूर, मंडपाचे कापड त्याहून दूर. वाढणाऱ्या मुलींचे नायलॉनचे दुपट्टे आणि बायकांचे पदर खोचलेले असावेत. हे सांगणारा एक माणूस आचाऱ्याच्या हाताखालचा नव्हे, विश्वस्तांपैकी असावा.

धुराडे झाडण्याचा काळ घराच्या जाळावर ठरतो. रोज पेटणाऱ्या चुलीचा नळ महिन्यातून एकदा पाहावा. बोटाच्या पेराचा चौथा हिस्सा एवढी काजळी धरली की तो झाडलाच पाहिजे. चूल पूर्ण थंड करून, तोंड ओल्या फडक्याने झाकून, वरून लांब दांड्याच्या तारेच्या ब्रशाने किंवा दोरीला बांधलेल्या काथ्याच्या जुडग्याने झाडावे. खालच्या खिडकीतून काजळी काढावी. नाका-तोंडाला फडके बांधावे. टकटक करून पत्रा पातळ झाला आहे का ते पाहावे, सांध्यांच्या भेगा माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवाव्यात.

पावसाळ्यानंतरची पहिली पेटवणी सर्वांत नाजूक. चातुर्मासात बंद राहिलेल्या धुराड्यात पक्ष्याने घरटे केलेले असते, गांधीलमाशांनी पोळे धरलेले असते. वर चढून किंवा आरशाने खालून पाहिल्याशिवाय काडी लावू नये. घरट्यात अंडी वा पिल्ले असली तर चूल तशीच राहू द्यावी; पिल्ले उडून जाईपर्यंत काही आठवडे गॅसवर भागवता येते. रिकामे घरटे असेल तर काढून, वरच्या टोपीला मोठ्या छिद्रांची जाळी बसवावी. बारीक जाळी काजळीने लवकर चोंदते आणि नळच बंद होतो.

एवढे करूनही नळात आग लागलीच तर ती आवाजाने कळते. गाडी धडधडत जावी तसा नळ घुमतो, वरून ठिणग्यांचा फवारा निघतो. चुलीच्या तोंडाला पत्रा लावून हवा तोडावी, चुलीतल्या जाळावर कोरडी माती किंवा राख टाकावी, घरातील सर्वांना बाहेर काढावे, 101 वर अग्निशमन दलाला कळवावे. तापलेल्या नळावर किंवा विटांवर पाणी मारू नये. ते तडकतात आणि आग भिंतीत शिरते. विझल्यानंतरही छताच्या कड्यांना हात लावून पाहत राहावे, कारण आतली धग तासाभराने बाहेर येते. त्या धुराड्याची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय चूल पुन्हा पेटवू नये.

दीपावलीला वहीपूजन होते, नवे वीरनिर्वाण संवत् सुरू होते आणि दुकानाची नवी वही उघडते. तिच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखायला फारसा वेळ लागत नाही : धुराडे झाडल्याची तारीख, झाडणाऱ्याचे नाव, काय दुरुस्त केले आणि पुढची तारीख. पहिली नोंद पावसाळ्यानंतरच्या सफाईची, दुसरी पौषातली. नोंदीखाली सही घरातील ज्या बाईच्या डोळ्यांत धूर सर्वांत आधी जातो, तिची घ्यावी.